शुक्रवारचे शो आणि महिन्याचं रिन्यूअल: स्टुडिओ नेमके कशासाठी भांडतात

प्रश्न असा आहे: चित्रपट आठ आठवड्यांत घरच्या टीव्हीवर येणारच असेल, तर मोठे स्टुडिओ आणि ओटीटी कंपन्या प्रेक्षकांसाठी लढतात म्हणजे नक्की काय करतात? आणि या रेट्यात मराठी चित्रपटाची कोंडी कुठे होते?

उत्तर मुंबईच्या धंद्यावरून देतो. हॉलिवूडचा दाखला पद्धत तिकडून आली आहे तिथेच येईल. एक गोष्ट आधी सांगून टाकतो. चित्रपट चांगला की वाईट यावर या लढाईचा मोठा भाग ठरत नाही, तो ठरतो तारखांवर. थिएटरात पहिले तीन दिवस, मधले छप्पन्न दिवस आणि ओटीटीवर दर तीस दिवसांनी येणारं वर्गणीचं रिन्यूअल, या तीन मुदती समजल्या की स्टुडिओंचं वागणं बरंचसं उलगडतं.

सुरुवात तिकिटापासून करू. मल्टिप्लेक्सचं तिकीट २५० रुपयांचं धरा. शंभर रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी आहे. (२२ सप्टेंबर २०२५ पासून शंभरपर्यंतच्या तिकिटावरचा कर १२ वरून ५ टक्के झाला, वरच्या तिकिटांना काही सवलत मिळाली नाही.) कर वजा करून उरले साधारण २१२ रुपये. याला नेट म्हणतात, आणि वाटणी या नेटची होते. हिंदी चित्रपटांसाठी मल्टिप्लेक्सशी वाटणीचं जे सूत्र आधाराला धरतात ते २००९ मधलं आहे. त्या वर्षी एप्रिल ते जून निर्माते-वितरकांनी नवे चित्रपट मल्टिप्लेक्सना दिलेच नव्हते, आणि तो संप मिटताना आकडे ठरले: पहिल्या आठवड्यात वितरकाला ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि चौथ्यापासून ३०. मोठ्या आणि पडलेल्या चित्रपटांसाठी यात थोडं वरखाली होतं, पण उतार हाच.

म्हणजे त्याच खुर्चीवरचा तोच प्रेक्षक पहिल्या आठवड्यात आला तर वितरकाला १०६ रुपये देतो आणि चौथ्यात आला तर ६४. चित्रपट बाजारात पालेभाजीसारखा विकावा लागतो, सकाळी जुडीला जो भाव असतो तो संध्याकाळी नसतो. ट्रेलर, गाणी, मुलाखती, कलाकारांचा शहराशहरांतला दौरा हे सगळं शुक्रवार ते रविवार या तीन दिवसांवर का रचलेलं असतं, ते या उतारावरून कळेल.

थिएटरवाल्याचं गणित उलटं आहे. पॉपकॉर्न, समोसा, पडद्यावरच्या जाहिराती यांतला पैसा तो वितरकाशी वाटून घेत नाही. त्याला माणसं आत आली पाहिजेत, तिकीट थोडं स्वस्त गेलं तरी चालतं. राष्ट्रीय चित्रपट दिनाला २०२२ मध्ये ७५ रुपयांत आणि २०२३ मध्ये ९९ रुपयांत तिकीट विकायला मल्टिप्लेक्सवाले उत्साहाने पुढे आले ते यामुळे. वितरकाला मात्र नव्या चित्रपटाच्या पहिल्या शनिवारी असं काही नको असतं. ‘एकावर एक तिकीट मोफत’ ही योजना पहिल्याच आठवड्यात दिसली तर त्या मोफत तिकिटाची किंमत बहुतेक वेळा निर्माता भरतो आहे असं समजा. कलेक्शनच्या आकड्यात दोन्ही तिकिटं पूर्ण भावाने दिसतात, निर्मात्याच्या खिशात एकाचेच पैसे येतात.

पोस्टरवरच्या ‘१०० कोटीं’चा अर्थही इथेच लावून घ्या. जगभरातला ग्रॉस, म्हणजे करासकट तिकीटविक्री, १०० कोटी असेल आणि त्यातले ८० कोटी भारतातले असतील, तर भारतातला नेट साधारण ६८ कोटी. सगळ्या आठवड्यांची सरासरी धरून त्यातला वितरकाचा वाटा ४५ टक्के पकडला तर ३१ कोटी होतात. परदेशातल्या २० कोटींतून आठ-नऊ कोटी हाती लागतात. एकूण चाळीसच्या आत, आणि यातून वितरकाचं कमिशन व प्रसिद्धीचा खर्च अजून वजा व्हायचा आहे. ६० कोटींत बनलेला चित्रपट ‘शंभर कोटी क्लब’मध्ये जाऊनही थिएटरात तोट्यात असू शकतो, आणि त्यात नवल काही नाही.

आता स्क्रीन. पीव्हीआर आणि आयनॉक्सचं विलीनीकरण फेब्रुवारी २०२३ मध्ये पूर्ण झालं आणि १,६०० हून अधिक स्क्रीन एका छत्राखाली आल्या. मोठ्या शहरांत कोणाला किती शो द्यायचे हे ठरवणारी टेबलं त्यामुळे मोजकीच उरली. शोचं चार्टिंग, म्हणजे कुठल्या पडद्यावर किती वाजता काय लावायचं, हे प्रदर्शनाच्या आठवड्यात सोमवारपासून सुरू होतं आणि गुरुवारपर्यंत ताणलं जातं. ॲडव्हान्स बुकिंग आधी उघडण्याची धडपड यासाठीच असते, कारण भरलेल्या सीटा दाखवून आणखी शो मागता येतात. लांबीही मोजली जाते. २ तास २० मिनिटांचा चित्रपट मध्यांतर, जाहिराती आणि सफाईसह तीन तास खातो, एका पडद्यावर दिवसाला पाच शो बसतात. ३ तास २० मिनिटांच्या चित्रपटाचे चारच. वीस टक्के शो गेले, आणि गेले ते पहिल्या आठवड्यात. संकलनाच्या टेबलावर ‘अजून दहा मिनिटं कापा’ असं वितरक सांगतो त्यामागे हा हिशेब असतो, दर वेळी कलेचं वैरच असतं असं नाही.

चौदा-पंधरा ऑगस्ट, ईद, दिवाळी, नाताळ या तारखा मोठे स्टुडिओ वर्ष-दीड वर्ष आधी जाहीर करतात, कधीकधी चित्रीकरण सुरू होण्याआधीच. ते शेतावर लावलेलं बुजगावणं आहे, दुसऱ्याने फिरकू नये म्हणून. दुसरा फिरकलाच तर काय होतं याचं चांगलं उदाहरण २०१२ च्या दिवाळीतलं. ‘जब तक है जान’ आणि ‘सन ऑफ सरदार’ एकाच दिवशी लागायचे होते. यशराजने ऑगस्टमध्ये ‘एक था टायगर’ देताना सिंगल स्क्रीनवाल्यांकडून दिवाळीच्या चित्रपटाचीही हमी घेतली, अशी तक्रार अजय देवगणच्या कंपनीने स्पर्धा आयोगाकडे केली. आयोगाने ती मान्य केली नाही. पण धंद्यातला डाव तक्रारीतून सगळ्यांना दिसला. ज्याच्याकडे हुकमाचा चित्रपट आहे तो त्याच्या जोरावर पुढच्या चित्रपटाचा पडदाही मागतो. सिंगल स्क्रीनला पडदा एकच, त्यामुळे त्याने होकार दिला की त्या गावात दुसऱ्याचा चित्रपट संपला.

अमेरिकेत हीच झोंबाझोंबी आयमॅक्स या अवाढव्य पडद्यांवरून होते, कारण तिथे तिकीट महाग आणि पडदे थोडे. २०२३ च्या जुलैमध्ये ‘ओपेनहायमर’ने तीन आठवड्यांचे आयमॅक्स पडदे आधीच राखून ठेवले होते. नऊ दिवस आधी आलेल्या ‘मिशन इम्पॉसिबल’ला ते एकवीस जुलैला सोडावे लागले.

सोमवारी खरा निकाल लागतो. सोमवारचं कलेक्शन शुक्रवारच्या निम्म्याहून वर राहिलं तर चित्रपट ‘धरला’, तीस-पस्तीस टक्क्यांवर आलं तर दुसऱ्या आठवड्यात शो जातात. सुट्टीच्या दिवशी प्रदर्शन झालं असेल तर हे माप लावू नका, शुक्रवार फुगलेला असतो.

एक किरकोळ वाटणारी पण जीव घेणारी गोष्ट. चित्रपट थिएटरला कुलूपबंद डिजिटल फाइल म्हणून जातो आणि प्रत्येक प्रोजेक्टरसाठी ठराविक मुदतीची वेगळी किल्ली लागते, तिला केडीएम म्हणतात. फायनान्सरचे किंवा लॅबचे पैसे थकले की किल्ली अडते, आणि शुक्रवारचे सकाळचे शो रद्द होतात. प्रेक्षकाला ‘तांत्रिक अडचण’ सांगतात.

मग मधले छप्पन्न दिवस. हिंदी चित्रपटाला राष्ट्रीय मल्टिप्लेक्स साखळ्यांत लागायचं तर ओटीटीपूर्वी आठ आठवड्यांचं अंतर ठेवावं लागतं. दक्षिणेत चार आठवड्यांची वहिवाट आहे. तिथला चित्रपट हिंदीत डब होऊन उत्तरेत यायला लागला की ही दोन घड्याळं आदळतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘लिओ’ची हिंदी आवृत्ती मोठ्या साखळ्यांत लागलीच नाही, कारण त्याचा ओटीटी करार चार आठवड्यांचा होता. ओटीटीचा जास्तीचा पैसा की हिंदी पट्ट्यातले मल्टिप्लेक्स, असा तो हिशेब.

हे अंतर म्हणजे नुसता शिष्टाचार समजू नये. मे २०२५ मध्ये ‘भूल चूक माफ’चं थिएटरातलं प्रदर्शन आदल्या दिवशी रद्द झालं. सीमेवरच्या तणावाचं कारण देऊन तो १६ मेला थेट प्राइम व्हिडिओवर येईल असं जाहीर झालं. पीव्हीआर आयनॉक्स ६० कोटींचा दावा घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि न्यायालयाने ओटीटी प्रदर्शन रोखलं. शेवटी तडजोड झाली: २३ मेला थिएटरात, ६ जूनला ओटीटीवर. म्हणजे दोनच आठवडे. आठ आठवड्यांसाठी भांडणारी साखळी दोनावर आली, यातून दोन्ही बाजूंची गरज दिसते. चित्रपट अजिबात न लागण्यापेक्षा दोन आठवडे बरे.

आमिर खानने तिसरी वाट धरली. ‘सितारे जमीन पर’ जून २०२५ मध्ये थिएटरात आणला, ओटीटीला विकला नाही, आणि १ ऑगस्टपासून यूट्यूबवर १०० रुपये भाडं लावून ठेवला. ही वाट सर्वांना परवडणारी नाही, कारण ओटीटीचा ठोक पैसा आधी येतो आणि भाड्याचा पैसा येईल तसा. बँकेचं व्याज चालू असताना ‘येईल तसा’ म्हणजे काय, हे निर्मात्याला विचारा.

हॉलिवूडमध्ये पूर्वी हे अंतर साधारण नव्वद दिवसांचं होतं. जुलै २०२० मध्ये युनिव्हर्सल आणि एएमसी ही थिएटर साखळी यांनी सतरा दिवसांचा करार केला. त्यात घरबसल्या भाड्याने पाहण्याची सोय होती आणि त्यातला हिस्सा थिएटरला मिळणार होता. पुढच्या वर्षी वॉर्नरने सगळेच चित्रपट थिएटर आणि आपल्या एचबीओ मॅक्स या ओटीटीवर एकाच दिवशी आणले. प्रयोग वर्षभरात आटोपला, आणि तिथे आता दीड महिन्याच्या आसपास गाडी थांबते. कारण साधं आहे. थिएटरात गाजलेला चित्रपट ओटीटीवरही जास्त पाहिला जातो, त्याची जाहिरात आधीच झालेली असते.

ओटीटीचा धंदा पूर्ण वेगळ्या नाडीवर चालतो. तिथे तिकीट विकायचं नसतं, ग्राहकाने पुढचा महिना सोडू नये एवढंच पाहायचं असतं. महिन्याला शंभरातले पाच ग्राहक गळत असतील तर सरासरी ग्राहक वीस महिने टिकतो, दोन गळत असतील तर पन्नास. १४९ रुपयांच्या योजनेवर एकाकडून २,९८० रुपये येतात, दुसऱ्याकडून ७,४५०. गळती तीन टक्क्यांनी कमी करणं हे नवा सुपरस्टार करारबद्ध करण्यापेक्षा जास्त पैसे देतं, फक्त त्याचं पोस्टर छापता येत नाही.

गळती कशाने होते याचा धडा हॉटस्टारने दिला. २०२३ ते २०२७ च्या आयपीएलचे हक्क जून २०२२ मध्ये ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. टीव्हीचे हक्क हॉटस्टारच्याच स्टार कंपनीकडे राहिले, डिजिटल हक्क व्हायकॉम१८ कडे गेले आणि तिच्या जिओसिनेमाने २०२३ ची स्पर्धा फुकट दाखवली. डिस्ने प्लस हॉटस्टारचे ग्राहक ऑक्टोबर २०२२ मध्ये ६ कोटी १३ लाख होते, जुलै २०२३ च्या सुरुवातीला ४ कोटी ४ लाख उरले. मालिका-चित्रपट बहुतांश तेच होते, पण क्रिकेट गेलं. हॉटस्टार आणि जिओसिनेमा एकमेकांना रक्तबंबाळ करण्यापेक्षा एकत्र आले: नोव्हेंबर २०२४ मध्ये विलीनीकरण आणि १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओहॉटस्टार. निर्मात्यांच्या दृष्टीने यातली वाईट बातमी अशी की चित्रपट विकायला पूर्वी दोन दारं होती, तिथे एक उरलं.

किमतीही याच नाडीवर हलतात. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये भारतात मोबाइल योजना १९९ वरून १४९ आणि बेसिक ४९९ वरून थेट १९९ रुपयांवर आणली. प्राइम व्हिडिओने उलटी चाल खेळली: जून २०२५ पासून चालू सदस्यतेतच जाहिराती घातल्या आणि त्या नको असतील तर वर्षाला ६९९ रुपये वेगळे मागितले. जाहिरातीचा फायदा असा की ग्राहक जास्त वेळ पाहतो तसा जास्त पैसा येतो, नुसत्या वर्गणीत तसं होत नाही. रिचार्जसोबत फुकट येणारा ओटीटी हा तिसरा प्रकार. त्यात कंपनीला माणशी पैसा फार कमी मिळतो, पण ग्राहक ‘बंद करा’ म्हणत नाही, कारण आपण तो वेगळा घेतला आहे हेच त्याच्या लक्षात नसतं.

मोठ्या मालिकेचा हंगाम दोन-तीन तुकड्यांत का येतो, तेही आता सहज कळेल. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’चा चौथा हंगाम २७ मे आणि १ जुलै २०२२ असा दोन भागांत आला. मधे पाच आठवडे, म्हणजे एका बिलाच्या जागी दोन बिलं.

‘इतके कोटी व्ह्यूज’ हा आकडा वाचताना जपून. नेटफ्लिक्स एकूण पाहिलेले तास भागिले चित्रपटाची लांबी असा व्ह्यू काढतं. दोन तासांचा चित्रपट एक कोटी तास पाहिला गेला तर पन्नास लाख व्ह्यूज झाले. पण ते पन्नास लाख लोकांनी शेवटपर्यंत पाहिलं म्हणून, की एक कोटी लोकांनी मध्यांतराला सोडलं म्हणून, हे त्यातून कळत नाही. कंपनीला ते कळतं, आणि पुढचा करार देताना ती पूर्ण पाहणाऱ्यांचं प्रमाण बघते. निर्मात्याला ते प्रमाण दाखवायला ती सहसा राजी नसते.

आणि या सगळ्यांचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी स्टुडिओ नाहीच. अमेरिकेत मे २०२५ मध्ये प्रेक्षक मोजणाऱ्या नील्सन कंपनीच्या मोजणीत टीव्हीच्या पडद्यावर गेलेल्या एकूण वेळेपैकी यूट्यूबचा वाटा १२.५ टक्के होता, नेटफ्लिक्सचा ७.५.

मराठीकडे येऊ. कोंडी दोन ठिकाणी आहे. पहिली थिएटरात. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सना प्राइम टाइममध्ये मराठी शो लावायला सांगितलं, पण वाद होऊन प्राइम टाइमची व्याख्या दुपारी १२ ते रात्री ९ अशी सैल झाली. मंगळवारी दुपारी साडेबाराचा शो हाही मग प्राइम टाइमच. म्हणून शो किती हे विचारण्याआधी कुठल्या वेळेचे हे विचारा. दुसरं, शोच्या संख्येची हाव धरू नका. दोनशे सीटांच्या पडद्यांवर ६० शो ४० टक्के भरले तर ४,८०० तिकिटं खपतात. ३०० शो ८ टक्के भरले तरी तितकीच. मल्टिप्लेक्सचा शो ठरवणारा प्रोग्रामिंगवाला मात्र पहिल्याला दुसऱ्या आठवड्यात शो वाढवतो आणि दुसऱ्याला उतरवतो, कारण तो दर शोची सरासरी बघतो. ‘राज्यभर ५०० शो’ अशी बातमी छापून आणण्यासाठी चित्रपट मारल्याची उदाहरणं दर हंगामात सापडतात.

सणाची तारीखही मराठीला लागतेच असं नाही. ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ ला आला, ‘बाईपण भारी देवा’ ३० जून २०२३ ला. दोन्ही तारखा दिवाळी-नाताळासारख्या मोठ्या सणाच्या नव्हत्या. मोठी हिंदी दिवाळी सोडून मोकळा शुक्रवार घ्या, आणि पुढचे दोन शुक्रवारही तपासा. मराठी चित्रपटाची कमाई तोंडी प्रसिद्धीवर वाढते, आणि ती पसरेपर्यंत पडदा टिकला पाहिजे. वितरणाच्या जुन्या विभागणीत महाराष्ट्र एकसंध नाही हेही ध्यानात ठेवा. मुंबई-पुणे, कोकण आणि गोवा मुंबई टेरिटरीत, विदर्भ-खानदेश सी.पी. बेरारमध्ये आणि मराठवाडा निजाममध्ये मोडतो. मुंबईच्या वितरकाला ‘महाराष्ट्र’ दिला असं समजून नांदेड-अकोल्याचं पाहायचं राहून जातं.

दुसरी कोंडी ओटीटीवर. मल्याळी किंवा तमिळ प्रेक्षक हवा असेल तर त्याच्या भाषेतला माल घ्यावाच लागतो. मराठी माणूस हिंदी सहज पाहतो, त्यामुळे मराठी चित्रपट घेतला नाही म्हणून तो रिन्यूअल थांबवत नाही, आणि हे कंपनीला आकड्यांत दिसतं. माझ्या मते मराठीला भाव कमी मिळण्याचं मुख्य कारण हेच आहे. आशय, दर्जा वगैरे चर्चा त्यानंतरची.

करार करताना चार जागा नीट वाचा. ओटीटीची रक्कम बॉक्स ऑफिसच्या टप्प्यांना बांधली असेल तर ते टप्पे ग्रॉसचे की नेटचे, आणि कोणाच्या आकड्यावरून, हे लिहून घ्या. हक्क किती वर्षांचे ते आकड्यात लिहा, ‘कायमस्वरूपी’ हा शब्द स्वस्तात देऊ नका. ओटीटीची तारीख पुढे गेल्यास किती रक्कम कापणार, हे कलम बहुतेक जण सही झाल्यावर वाचतात. आणि सेन्सॉरला जाताना टीव्हीचा विचार करून जा. ‘ए’ प्रमाणपत्राचा चित्रपट टीव्हीवर दाखवता येत नाही, त्यासाठी कापून पुन्हा प्रमाणपत्र घ्यावं लागतं. २०२४ च्या नियमांनी ‘यूए’चे ७, १३ आणि १६ वर्षांवरचे असे तीन गट केले आहेत, तेव्हा ज्या दोन शिव्यांमुळे ‘ए’ मिळणार असेल त्यांची किंमत सॅटेलाइटच्या, म्हणजे टीव्ही हक्कांच्या, रकमेशी ताडून बघा.